सासऱ्यांचं कार्ड आणि राखीव पार्किंग

वाचकाचं पत्र

माझ्या सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला. उजवी बाजू अजून अशक्त आहे, घरात चार पायांची काठी घेऊन चालतात. त्यांच्या नावाचं दिव्यांगांसाठीचं पार्किंग कार्ड मिळालं आहे आणि ते गाडीतच असतं. अडचण अशी की माझे यजमान सुपरमार्केटला एकटे जातात तेव्हाही ते कार्ड समोर लावून राखीव जागेत गाडी उभी करतात. ‘सामान बाबांसाठीच आणतोय ना, आणि तसंही त्या जागा रिकाम्याच असतात,’ असं त्यांचं म्हणणं. कार्ड नसलं तर ‘दोनच मिनिटं, इंजिन चालू ठेवून बसतो’ म्हणतात. मला हे पटत नाही, पण उत्तर सुचत नाही.

दुसरी गोष्ट माझ्या हातून घडलेली. एक तरुण मुलगी राखीव जागेत गाडी लावून तरातरा चालत निघाली. मी तिला हटकलं, ‘ही जागा कुणासाठी आहे, माहीत आहे ना?’ ती काही बोलली नाही. काचेआडचं कार्ड बोटाने दाखवलं आणि आत निघून गेली. तेव्हापासून मनाला लागून राहिलं आहे. अशा वेळी गप्पच बसायचं का?

आणि एक छोटा प्रश्न. लहान मुलं बरोबर असलेल्यांसाठी वेगळी जागा असते, तिथे आमच्या दहा वर्षांच्या मुलाला घेऊन गाडी लावली तर चालेल का?

– एक वाचक

उत्तर

प्रिय ताई,

तुमच्या यजमानांपासून सुरुवात करते, कारण त्यांचा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो. सामान बाबांचं, कार्ड बाबांचं, गाडी घरची. मग बिघडलं कुठे?

बिघडलं ते असं की राखीव जागा सामानाला दिलेली नसते. ती शरीराला दिलेली असते. ज्याला गाडीतून उतरायला आणि दारापर्यंत पोहोचायला त्रास होतो, त्या माणसाची उतरण्या-चढण्याची सोय म्हणजे ती जागा. सासरे घरी आहेत, तेव्हा त्या गाडीतून उतरणाऱ्या कुणालाच त्या सोयीची गरज नाही. पिशव्या जड असल्या तरी त्या ट्रॉलीतून येतात आणि यजमानांचे पाय धडधाकट आहेत.

जिथे जिथे अशी कार्डं आहेत, तिथे नियमाचा गाभा हाच आहे की कार्ड माणसाचं, गाडीचं नाही. ब्रिटनमध्ये ही योजना 1971 पासून आहे, आधी नारिंगी कार्ड होतं, 2000 पासून निळं झालं. तिथे कार्डधारक त्या प्रवासात नसताना दुसऱ्याने त्याचं कार्ड लावून सवलत घेणं हा गुन्हा आहे, 1000 पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो आणि कार्डही जाऊ शकतं. हे यजमानांना जरूर सांगा. एकट्याने जाऊन जागा अडवण्याच्या सवयीपायी बाबांचंच कार्ड जप्त झालं, तर भोगणार बाबा.

याच नियमांतली आणखी एक बारीक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. कार्डधारक गाडीत बसून राहणार आणि बाकीचे धडधाकट लोक खरेदी करून येणार, अशा वेळीही ती सवलत घेऊ नये, असं तिथल्या कार्डधारकांना सांगितलेलं असतं. म्हणजे ‘बरं, मग बाबांना गाडीत बसवून नेतो’ ही पळवाटही उरत नाही. सासरे म्हणाले, ‘मी बसतो, तुम्ही जाऊन या,’ तर गाडी साध्या जागेत लावायची, शक्यतो सावलीत, आणि त्यांच्याबरोबर कुणीतरी थांबायचं. ते स्वतः उतरणार असतील, तेव्हा मात्र बिनदिक्कत राखीव जागेत लावा. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

आता ‘रिकाम्याच असतात’ याबद्दल. मला या वाक्याचा खरंच त्रास होतो, कारण ते इतक्या चांगल्या माणसांच्या तोंडून ऐकू येतं. राखीव जागा रिकामी दिसते, याचा अर्थ ती तिचं काम करते आहे. तिच्यावर अवलंबून असलेल्या माणसाला दुसरी जागा चालतच नाही. तुमच्या यजमानांना जागा मिळाली नाही, तर ते पुढच्या रांगेत लावतात आणि शंभर पावलं जास्त चालतात. व्हीलचेअरवरच्या माणसाला जागा मिळाली नाही, तर तो दोन चकरा मारतो आणि घरी परततो. तो परत गेलेला कुणाला दिसत नाही. म्हणून आपल्याला वाटतं की गरजवंत कमीच आहेत.

आणि ‘दोन मिनिटं’? समोरून येणाऱ्या चालकाला कसं कळणार की तुम्ही दोनच मिनिटं आहात? त्याला जागा भरलेली दिसते. आपल्यापैकी कुणीही उतरून काचेवर टकटक करून विचारलं असतं, ‘निघताय का?’ पण त्याला उतरण्यासाठीच तर ती जागा हवी आहे. तो उतरूच शकत नाही, मग विचारणार कसा? हॉर्न वाजवला तर उर्मट ठरतो. बहुतेक जण काही न बोलता पुढे निघून जातात. इंजिन चालू ठेवल्याने यातलं काहीच बदलत नाही.

इथे मला जरा थांबून एक गोष्ट नीट सांगायची आहे, कारण माझ्या मते सगळा घोटाळा तिच्यात आहे. राखीव जागा दाराजवळ असते, म्हणून लोकांना वाटतं की तिचा फायदा म्हणजे जवळपणा. मग ‘चार पावलं वाचवायला मीही लावली तर काय’ असा विचार येतो. जवळपणा महत्त्वाचा आहेच, पण बऱ्याच जणांसाठी त्याहून मोठी गोष्ट रुंदी आहे.

तुमच्या सासऱ्यांनाच आठवा. गाडीतून उतरताना त्यांचं दार अर्धवट उघडून भागतं का? दार शेवटच्या खटक्यापर्यंत उघडावं लागतं. सीट मागे सरकवायची. मग त्यांना बसल्या बसल्या पूर्ण वळवायचं, डावा पाय आपला आपण बाहेर येतो, उजवा हाताने उचलून बाहेर ठेवावा लागतो. काठीचे चारही पाय सपाट जमिनीवर टेकले आहेत ना ते बघायचं. तुम्ही त्यांच्या अशक्त बाजूला उभ्या राहता, कमरेला आधार देता, आणि मग ते उठतात. म्हणजे दारात एका वेळी दोन माणसं आणि एक काठी. व्हीलचेअर असेल तर ती दाराशी तिरकी आणून ब्रेक लावायचा, पायठेवणी बाजूला करायची, मग सीटवरून खुर्चीत सरकायचं. शेजारी हातभर अंतरावर गाडी उभी असेल, तर हे होणारच नाही.

म्हणूनच मोजमापं ठरवलेली आहेत. अमेरिकेत 1990 च्या दिव्यांगांसाठीच्या कायद्याखाली 2010 साली जी मानकं आली, त्यांत राखीव जागा किमान 8 फूट रुंद आणि तिला लागून 5 फुटांची मोकळी पट्टी सांगितली आहे. दर 6 राखीव जागांमागे किमान 1 जागा मोठ्या व्हॅनसाठी, आणखी रुंद, कारण व्हॅनच्या बाजूने उतार बाहेर येतो आणि त्यावरून खुर्ची खाली उतरते. 25 पर्यंत गाड्यांच्या पार्किंगमध्ये किमान 1 राखीव जागा, 100 गाड्यांच्या पार्किंगमध्ये किमान 4. जमीन जवळजवळ सपाट हवी, 48 फुटांत 1 फुटापेक्षा जास्त उतार नको, नाहीतर खुर्ची घरंगळते आणि काठी धरत नाही. पाटी जमिनीपासून 5 फूट वर हवी, म्हणजे गाडी उभी राहिली तरी ती झाकली जात नाही. ब्रिटनमधली मापं थोडी वेगळी आहेत, 2.4 मीटरची जागा आणि बाजूला 1.2 मीटर मोकळं, पण हिशेब तोच.

जमिनीवर तिरके पट्टे मारलेली ती मोकळी पट्टी हा राखीव जागेचाच भाग आहे, किंबहुना तोच जास्त गरजेचा. आणि नेमकी तिथेच माणसं ट्रॉल्या सोडून जातात! ‘इथे कुठे गाडी लागते’ म्हणून कुणी मोटारसायकल लावतं. एखाद्या दुकानातून उतरवलेली खोकी तिथेच रचून ठेवतात. गाडी लावून आत गेलेला व्हीलचेअरवाला बाहेर येतो, तेव्हा पट्टी अडलेली असते आणि त्याला स्वतःच्या गाडीत बसता येत नाही. मग मोटारसायकलचा मालक येईपर्यंत थांबायचं, किंवा कुणा अनोळखी माणसाला गाडी मागे घ्यायला किल्ली द्यायची. जागा न मिळण्यापेक्षाही हे वाईट.

यजमानांशी बोलताना कायद्यापासून सुरुवात करू नका, असं मला वाटतं. दंडाचं ऐकलं की माणूस ‘इथे कोण बघतंय’ या वळणावर जातो. त्यांना बाबांचं उतरणं आठवायला सांगा, आणि विचारा, ‘आपण बाबांना घेऊन गेलो आणि ती जागा अशाच एखाद्या धडधाकट माणसाने दोन मिनिटांसाठी अडवलेली असली, तर तुम्ही त्याला काय म्हणाल?’ ते वडिलांवर प्रेम करणारे गृहस्थ दिसतात, त्यांच्यासाठी एकटे जाऊन सामान आणतात. त्यांना कळेल. आणि एक साधा उपाय लगेच करा. कार्ड गाडीतून काढा. ते सासऱ्यांच्या पाकिटात किंवा त्यांच्या औषधांच्या पिशवीत ठेवा, म्हणजे ते घराबाहेर पडतील तेव्हाच कार्डही पडेल. वाद घालण्यापेक्षा हे सोपं.

आता त्या मुलीबद्दल. तुम्ही सरळ विचारलंत, सरळच उत्तर देते. हटकायला नको होतं. तुमच्या मनात सासऱ्यांची काळजी होती, त्या जागेची किंमत तुम्हाला घरी रोज दिसते, म्हणून संताप आला. तो मी समजू शकते. पण तो चुकीच्या माणसावर निघाला.

यात थोडा दोष त्या चिन्हाचाही आहे. निळ्या पाटीवरची व्हीलचेअर 1968 साली डेन्मार्कच्या सुसान कोफोड या विद्यार्थिनीने आखली. मूळ चित्रात नुसती खुर्ची होती, डोक्याचा गोल नंतर जोडला, आणि 1969 पासून ते जगभर रूढ झालं. चिन्ह म्हणून ते उत्तमच आहे, लांबून ओळखू येतं. पण त्यामुळे आपल्या डोळ्यांना सवय लागली की खुर्ची दिसली तरच खरं. प्रत्यक्षात कार्ड मिळणाऱ्यांत खुर्ची न वापरणारे कितीतरी असतात. इंग्लंडमध्ये तर 30 ऑगस्ट 2019 पासून बाहेरून न दिसणाऱ्या दिव्यांगत्वासाठीही कार्ड देण्याचा नियम स्पष्टपणे लागू झाला. भारताच्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार नोंदले आहेत, त्यांत पार्किन्सन म्हणजे कंपवात, मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार, सिकल सेल आणि हिमोफिलिया हे रक्ताचे आजार, हे सगळे आहेत. यातला एकही आजार चेहऱ्यावर लिहिलेला नसतो.

‘तरातरा चालत गेली’ असं तुम्ही लिहिलंत. पार्किन्सनचा माणूस गोळीचा अंमल असेपर्यंत बरा चालतो. गोळी उतरली की मधल्या वाटेत पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये जाताना धड असलेली बाई उकाड्यात अर्धा तास उभी राहिली, की परतताना पाय ओढत येते. फुप्फुसाच्या किंवा हृदयाच्या आजारात पन्नास पावलांनंतर दम लागतो, पहिल्या वीस पावलांत काही दिसत नाही. पॅंटखाली कृत्रिम पाय असला तर चाल कधी कधी अगदी सहज असते, त्रास असतो तो सांध्यावर जखम झाली की. आतड्याचा आजार असलेल्याला घाईने स्वच्छतागृह गाठावं लागतं, तो तरातराच चालणार. तुम्ही तिला गाडीपासून दारापर्यंत पाहिलंत, ती परतताना कशी होती ते पाहिलं नाहीत. आणि पाहायची गरजही नव्हती, कारण हा निर्णय आधीच कुणीतरी तिची कागदपत्रं, तपासण्या बघून केलेला होता. कार्ड म्हणजे तोच निर्णय. कार्ड दिसलं की आपल्या बाजूने विषय संपला.

अशा माणसांना हा प्रसंग एकदाच येत नाही. आजार न दिसणाऱ्या माणसाला गाडीतून उतरतानाच धास्ती असते की आज कोण काय बोलेल. काही जण तर गरज नसताना मुद्दाम काठी घेतात, लंगडतात, म्हणजे निदान कुणी हटकणार नाही. एखाद्याला आपलं दुखणं दुकानाच्या दारात अनोळखी माणसांना दाखवावं लागावं, ही फार अपमानाची गोष्ट आहे.

ती मुलगी पुन्हा दिसली, तर जवळ जाऊन एवढंच म्हणा, ‘त्या दिवशी मी बोलायला नको होतं, माफ करा.’ सासऱ्यांची कहाणी सांगू नका, नाहीतर तुम्हाला समजून घेण्याचं काम तिच्यावर पडतं. तिला काय झालंय हे तर मुळीच विचारू नका. दिसली नाही, तर शोधत जाऊ नका.

मग गप्पच बसायचं का? नाही. कार्ड न लावता खुशाल राखीव जागेत गाडी लावणारेही असतातच. त्यांच्याशी पार्किंगमध्ये हुज्जत घालण्यापेक्षा आत जाऊन ग्राहक सेवेच्या काउंटरवर किंवा सिक्युरिटीला गाडीचा नंबर सांगा. अमुक रंगाची गाडी, राखीव जागेत, समोर कार्ड दिसत नाही. एवढं पुरे. कार्ड घरी विसरलं असेल, घसरून खाली पडलं असेल, तर ते बघून घेतील. त्या माणसाचा फोटो काढून कुठे टाकायचा नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

एक लक्षात ठेवा, दुकानाचं पार्किंग बहुतेक ठिकाणी खासगी जागा असते. रस्त्यावर जो नियम पोलीस किंवा पालिका लागू करते, तो तिथे तसाच लागू होतो असं नाही. ब्रिटनमध्येही निळ्या कार्डाची योजना मुळात रस्त्यावरच्या पार्किंगसाठी आहे. सुपरमार्केटच्या आवारात मालकाच्या अटी चालतात, मात्र दिव्यांग ग्राहकांची वाजवी सोय करण्याचं बंधन 2010 च्या समानता कायद्याने त्याच्यावर असतं. इतर देशांत तपशील वेगळे. पण याचा तुमच्यासाठी अर्थ असा, की दाद मागायची ती दुकानाकडे, आणि मागण्यासारखं बरंच आहे. पुसट झालेले पट्टे पुन्हा रंगवा. पाटी झाडाआड गेली आहे, ती वर लावा. ट्रॉल्या परत ठेवायचं स्टँड राखीव जागांच्या शेजारी असलं, तर लोक आळसाने पट्टीतच सोडतात, ते हलवा. राखीव जागेपासून दारापर्यंत फुटपाथला उतार करा. एका ग्राहकाने चार वेळा लेखी विचारलं, तर मॅनेजरला काहीतरी करावंच लागतं. तुमच्या संतापाला ही वाट द्या. आणि पट्टीत सोडलेली ट्रॉली दिसली की ती तेवढी हलवून जागेवर ठेवा. तिथे कुणाला काही विचारावं लागत नाही.

मुलांच्या जागेचं थोडक्यात. ही सोय बहुतेक ठिकाणी दुकानाने आपणहून दिलेली असते, दिव्यांगांच्या जागेसारखं कायद्याचं बळ तिला नसतं. काही दुकानं पाटीवरच वयाची अट लिहितात, ती असेल तर ती पाळायची. नसेल तर जागा रुंद का ठेवली आहे ते बघा. बाळ कारसीटमधून उचलून काढायचं, ढकलगाडी उघडायची, दुसऱ्या हाताने दुसऱ्या मुलाला धरून ठेवायचं, यासाठी दार पूर्ण उघडावं लागतं. तुमचा दहा वर्षांचा मुलगा स्वतः पट्टा सोडून स्वतः उतरतो. त्याला ती रुंदी लागत नाही, तेव्हा नको. अर्थात त्याचा पाय प्लास्टरमध्ये असेल, किंवा गर्दीत बिथरून पळणारं मूल असेल, तर गोष्ट वेगळी.

एक शेवटचा प्रश्न आता मीच तुम्हाला विचारते. पत्रात सासरे घरात चालतात असं आहे, यजमान एकटे दुकानात जातात असं आहे. ते कार्ड सासऱ्यांना बाहेर पडता यावं म्हणून दिलेलं आहे. त्यांना विचारलंत का, दुकानात यायचं आहे का म्हणून? झटक्यानंतर माणूस आपण ओझं होऊ या भीतीने स्वतःहून म्हणत नाही. डॉक्टरांची आणि फिजिओथेरपिस्टची हरकत नसेल, तर गर्दी नसलेल्या वेळी त्यांना घेऊन जा, पहिल्या खेपेला यादी छोटी ठेवा, आत बसायला बाक कुठे आहे ते आधी बघून ठेवा. शेजारी शेजारी दोन राखीव जागा मोकळ्या असतील, तर ज्या जागेत पट्ट्यांची बाजू त्यांच्या दाराकडे येते ती निवडा. एकच मोकळी असेल आणि पट्टे उलट्या बाजूला येत असतील, तर यजमानांना गाडी रिव्हर्सने आत घ्यायला सांगा, म्हणजे सासऱ्यांच्या दाराला पूर्ण जागा मिळेल.